मोटरहोमची वॉरंटी, पाणी आणि सहीची घाई

आज दुपारी एका मित्राचा मेसेज आला. अमेरिकेत मोटरहोम, म्हणजे आत राहता येणारी घरासारखी गाडी, घेतोय; डीलरच्या ऑफिसात सही करायला बसलाय आणि विचारतोय, "मोटरहोमवर सात वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी देतायत, ६,००० डॉलर. घेऊ का? आज घेतली तरच हा भाव म्हणे." डोकंच फिरलं. कोथिंबिरीच्या जुडीसाठी चार गाळे पालथे घालणारी माणसं आपण, आणि इथे सहा हजार डॉलर दहा मिनिटांत?

त्यात ते सहा हजार राहतही नाहीत. गाडीच्या कर्जात घातले की ८ टक्क्यांनी २० वर्षांत त्याचे १२,००० होतात. करार सात वर्षांत संपणार, हप्ता पुढे आणखी तेरा वर्षं. आणि सात वर्षं बहुधा खरेदीच्या दिवसापासून मोजतात, म्हणजे पहिलं वर्ष उत्पादकाच्या वॉरंटीतच गेलं. फोर्डच्या चासीवर, म्हणजे घराखालच्या इंजिन-चाकांच्या सांगाड्यावर, इंजिन-गिअरबॉक्सला ५ वर्षं किंवा ६०,००० मैल असतातच. त्याचेच पुन्हा पैसे!

मुळात अमेरिकेच्या कायद्यात ही वॉरंटी नव्हेच. वॉरंटी किमतीत आलेली असते; वेगळे पैसे घेऊन विकतात ते सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट. भाव करता येतो, आणि करायचाच.

ओळखीतल्या एका जोडप्याचं मागच्या वर्षी काय झालं ते त्या मित्रालाही माहीत आहे, तरी विचारतोय. यूटामध्ये स्लाइड-आउट, म्हणजे सोफ्यासकट बाहेर सरकणारा भाग, आत येईना. करार होता, पैसे भरलेले. मेकॅनिकने उघडलं तर मोटर जळलेली. का जळली? कोपऱ्यातल्या रबरी सीलमधून पाणी मुरून खालचं प्लायवूड कुजलं, रोलर त्यात रुतला, मोटर ओढून ओढून गेली. करारात मोटर होती, पाणी नव्हतं. क्लेम नामंजूर. उघडून बघायची मजुरीही त्यांच्याच खिशातून.

विकणारा पार्टची यादी दाखवतो, क्लेमवाला बिघाडाचं कारण विचारतो. अमोनियावर चालणारा फ्रिज कललेल्या गाडीत तासन्‌तास चालू ठेवलात तर आतला द्रव नीट परतत नाही, बॉयलर तापतो, रसायनाचे खडे होऊन नळी बुजते. कूलिंग युनिट गेलं, शेरा: चुकीचा वापर. पेट्रोल जनरेटर महिन्यातून एकदा दोनेक तास अर्ध्या लोडवर चालवला नाहीत तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल चिकटतं. शेरा: देखभाल नाही. थंडीआधी वॉटर हीटर बायपास करून पाइपांत दोन-तीन गॅलन गुलाबी अँटीफ्रीझ (थंडीत पाइप फुटू न देणारं द्रव) नाही भरलंत आणि पंप फुटला? गोठण, तीही वगळलेली. त्या जोडप्याची मोटर याच रांगेतली.

बरं, मान्य. जुनी डिझेल पुशर (मागे डिझेल इंजिन असलेली मोठी मोटरहोम) आहे, गाडी समतल करणारे हायड्रॉलिक जॅक आहेत, चार स्लाइड आहेत आणि बँकेत दहा हजार मोकळे नाहीत, तर घ्या. दुरुस्तीवाले तासाला दीडशे-दोनशे डॉलर लावतात, हे काही खोटं नाही.

पण मग नीट घ्या. "यादीत आहे तेवढंच कव्हर" असा करार नको. "वगळलेलं सोडून सगळं" असा हवा, आणि आधी ते वगळलेल्याचं पानच वाचायचं. झिजेने गेलेला पार्ट धरतात का, ते बघा. डिडक्टिबल, म्हणजे दुरुस्तीत तुम्ही भरायचा वाटा, दर भेटीला की दर पार्टला? दर पार्टला २०० असेल तर एसी, पंप आणि पायरी एकाच फेरीत दाखवली तरी ६०० तुमचे. दुकानदाराला थेट पैसे देतात की तुम्ही आधी भरायचे? गाडी भाड्याने देणार असाल किंवा त्यातच बारा महिने राहणार असाल तर कित्येक करार तिथेच बाद. आणि त्यांची मंजुरी येईपर्यंत मेकॅनिकला दुरुस्ती सुरू करू देऊ नका.

डीलर दमात घेईल, "सर्व्हिस आमच्याकडेच, नाहीतर कंपनीची वॉरंटी रद्द." तसं करता येत नाही. १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे त्यासाठी. पावत्या मात्र जपा.

त्या जोडप्यातल्या वहिनी एवढंच म्हणाल्या होत्या, "छपरावर चढून बघायचं असतं हे विकताना कुणी सांगितलंच नाही." खरंच कुणी सांगत नाही हो. दर तीन महिन्यांनी शिडी लावा. व्हेंट, एसी आणि अँटेनाच्या भोवतीचं सीलंट बघा. चीर दिसली तर पुसून कोरडं करा आणि छताला चालणारं सेल्फ-लेव्हलिंग (आपोआप सपाट पसरणारं) सीलंट घाला. बाथरूमचं सिलिकॉन तिथे धरत नाही. स्लाइडच्या खालच्या कोपऱ्यात अंगठा दाबा. मऊ लागलं तर पाणी शिरलंय. तारखेसकट फोटो काढून ठेवा. वॉरंटी घ्या न घ्या, हे करावंच लागतं, आणि क्लेमवाल्यापुढे तोच पुरावा.

मित्रा, हे वाचतोयस ना? सही केली नसशील तर कराराची कोरी प्रत घेऊन घरी ये, रात्री बसू. केली असशील तर चिडणार नाही. पुष्कळ करारांत पहिले ३० दिवस पूर्ण पैसे परत मिळतात, तुझ्या करारात किती दिवस आहेत ते बघ. कर्जात घातली असेल तर पैसे बँकेकडे जातील, हप्ता तेवढाच राहील, मुद्दल कमी होईल. रद्द करायचं पत्र लेखी, रजिस्टर्ड पोस्टाने. डीलरला फोन करून "बघतो" ऐकत बसू नकोस.