‘टोमॅटोचं बी भेसळीचं’ या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार ताई,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की आमच्या टिळकवाडीच्या दुकानातून नेलेलं गावरान टोमॅटोचं बी भेसळीचं निघालं: फळं वेडीवाकडी, देठापाशी हिरवीच, बरीच तडकलेली, काहींची बुडं काळी. पैसे परत मागितलेत. फोटो नीट बघितले. भेसळ असती तर झाडागणिक फळ वेगळं दिसलं असतं. तुमच्या सगळ्या बादल्यांत एकाच घडणीचं, चपटं, फाका पडलेलं फळ आहे. ही जात अशीच असते. चवीबद्दल मात्र तुम्ही अक्षर लिहिलं नाहीत!

देठापाशी हिरवं राहतं तेही जातीचंच. सगळीकडून एकसारखं लाल होण्याचा गुण पैदासकारांनी मुद्दाम निवडला, आणि त्या गुणामुळं फळातली साखर कमी होते असं 2012 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. बाजारातला टोमॅटो एकसारखा लाल पण पाणचट का, त्याचं एक कारण यात आलं.

काळ्या बुडाचं कारण पाणी. कुंडी वाळली की पाण्याबरोबर जाणारं कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. अंड्याची टरफलं टाकून ते लगेच भरून निघत नाही, यूट्यूबवर काहीही सांगोत. सुट्टीत गावाला गेलात तेव्हा शेजारी एक वेळ पाणी घालत होते असं तुम्हीच लिहिलंय. मे महिन्यात गच्चीवर, तेही रंगाच्या छोट्या बादलीला, तेवढ्यानं काय होतंय? त्यात वळीव झोडपून गेला, कोरड्या झाडानं एकदम पाणी ओढलं आणि पातळ सालीची फळं तडकली.

उगवण झाली नाही तर पाकीट आम्ही बिनतक्रार बदलून देतो. तुमचं बी तर सगळं उगवलंय, त्यामुळं पैसे परत देणार नाही.

पुढच्या खेपेला पाकीट विकत घेऊच नका. आत्ताच्या झाडांपैकी सगळ्यात जोमदार झाडावरचं पूर्ण पिकलेलं फळ घ्या, बियांसकट गर वाटीत दोन-तीन दिवस आंबू द्या, धुऊन सावलीत वाळवा. हायब्रीडचं बी असं धरलं तर पुढं आईसारखं झाड येईलच असं नाही, याचं येतं. काळं बूड बियाण्यात उतरत नाही, त्याची काळजी नको. पेरणी गणपतीच्या सुमारास, पावसाचा जोर ओसरल्यावर करा. रोप वीस लिटरच्या डब्यात, खोडाचा खालचा भाग मातीत पुरून लावा, वर वाळलेला पालापाचोळा पसरा. आणि डब्याला तळाशी भोकं पाडा, फोटोतल्या बादल्यांना ती दिसत नाहीत.