औषधांचं धोरण ठरतं तिथे फार्मासिस्ट का नसतो?

चांगलं चालणारं मेडिकल भावाच्या हाती देऊन मी निवेदनं, बैठका आणि माहिती अधिकाराचे अर्ज यांत का पडले, असं अजूनही पाहुणेरावळे विचारतात. एकदा सविस्तर लिहिते.

अंबाजोगाईत मेडिकल चालवलं की आजूबाजूच्या तालुक्यांचं दुखणं काउंटरवर येतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या. त्याआधी बाया यायच्या, "ताई, बीपीच्या गोळ्या गुढीपाडव्यापर्यंत पुरतील एवढ्या द्या." पैसे मात्र महिनाभराच्या गोळ्यांचे. मुकादमाची उचल आधीच देणेकऱ्यांत गेलेली असायची. सरकारी केंद्रात त्यांना गोळ्या फुकट मिळायच्या, पण त्या थोड्या दिवसांच्या. पुढे सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात, फडाजवळच्या खोपीत, त्या कोण देणार? हंगाम संपवून परत येईपर्यंत कुणाचं बीपी हाताबाहेर गेलेलं, कुणाला अर्धांगवायू झालेला. डॉक्टरांनी औषध बरोबर लिहिलं होतं, आणि ते साठ्यातही होतं. फक्त गोळी गावात आणि बाई फडावर, अशी ती व्यवस्था होती. हे काउंटरवरून सुटणारं नव्हतं, म्हणून मी काउंटरबाहेर पडले.

सुरुवातीला आरोग्याच्या हक्कासाठी काम करणाऱ्या जन आरोग्य अभियानाच्या बैठकांना नुसतं ऐकायला जायचे. तिथे कळलं की मला रोज दिसणाऱ्या गोष्टी धोरणावर बोलणाऱ्या अनेकांना ठाऊकच नसतात. किमतींचंच घ्या. 1995 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात कमाल किंमत उत्पादनखर्चावरून ठरायची. 2013 च्या नव्या आदेशाने ती बाजारावर नेली: ज्या ब्रँडचा बाजारहिस्सा 1 टक्का किंवा जास्त आहे, ते दुकानदाराला ज्या किमतीत मिळतात तिची सरासरी, वर 16 टक्के मार्जिन. म्हणजे बाजारच महाग असेल, तर सरकारी कमाल किंमतही महाग. अत्यावश्यक यादीबाहेरच्या औषधाची एमआरपी तर वर्षाला 10 टक्क्यांपर्यंत वाढवता येते. जेनेरिकच्या खरेदी बिलावरचा आकडा आणि पाकिटावरची एमआरपी यांत कितीतरी पटींचं अंतर असतं. ते बिल रोज कोण हाताळतं? आपण फार्मासिस्टच. मग किमतींच्या चर्चेत आपण का नसावं?

एक गोष्ट मात्र आपल्याच लोकांना कडक शब्दांत सांगायची आहे. मराठवाड्यात डी.फार्मची, म्हणजे फार्मसी पदविकेची, कॉलेजं गल्लोगल्ली झाली आणि सर्टिफिकेट भाड्याने देणं हाच कित्येकांचा व्यवसाय झाला. 1948 च्या फार्मसी कायद्याचं कलम 42 सांगतं की चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावं. तो दुकानात नसतो तेव्हा शेड्यूल एच-वनच्या (विक्रीची नोंद ठेवावीच लागते अशा औषधांच्या) रजिस्टरमध्ये कुणीही काहीही भरतं आणि अँटिबायोटिक्स सुट्या गोळ्यांसारखी विकली जातात. जो माणूस काउंटरवर हजर नाही, त्याला धोरणाच्या टेबलावर कोण बसवून घेईल?

तमिळनाडूने 1994 मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं. आपल्याकडे खरेदी प्राधिकरणाचा कायदा 2023 मध्ये आला. त्याचं स्वागतच आहे. पण खरेदी मुंबईत होते आणि तुटवडा केज-धारूरच्या केंद्रात दिसतो. तिथल्या औषध निर्माण अधिकाऱ्याला, म्हणजे सरकारी फार्मासिस्टला, काय संपतंय हे सगळ्यांच्या आधी कळतं. त्याचं म्हणणं केंद्राचा कारभार पाहणाऱ्या रुग्ण कल्याण समितीच्या इतिवृत्तात नावासह यावं, असं माझं मत आहे.

आणि ऊसतोडीच्या टोळ्यांसाठी आमची मागणी साधी आहे. बीपी, शुगर आणि टीबीच्या रुग्णांना निघतानाच पूर्ण हंगामाचा साठा द्या. टीबीसारख्या आजारात ते शक्य नसेल, तर कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला गावच्याच कार्डावर औषध देण्याचे लेखी आदेश द्या. हे पत्र गळीत हंगामाच्या आधी निघालं पाहिजे, कारण टोळ्या गेल्यावर ते कुणाच्याच हाती लागत नाही.

मराठवाड्यातल्या फार्मासिस्ट मित्रमैत्रिणींनो, तुमच्या भागातल्या केंद्रात कुठलं औषध कधीपासून नाही, हे तारखेसह लिहून ठेवा आणि मला कळवा. रुग्णाचं नाव नको. औषध, केंद्र, तारीख एवढं पुरे.