मामा, आरसा उघड!

माझं लायसन्स संपल्याचं मला बँकेत कळलं. ओळखपत्र म्हणून काउंटरवर सरकवलं, तर पलीकडची मुलगी म्हणाली, "काका, हे २०२३ मध्येच संपलंय." २००३ साली, तिसाव्या वर्षी काढलेलं. तेव्हा नियम असा होता की वीस वर्षं किंवा पन्नाशी, जे आधी येईल ते. माझ्या बाबतीत दोन्ही हातात हात घालून येऊन गेली आणि मला पत्ता नाही. दोन वर्षं मी कर्वे रस्त्यावरून बिनपरवाना हिंडत होतो. माझ्या चालवण्यात काडीचा फरक पडला नव्हता, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

मुदत संपून वर्ष उलटलं की नुसतं नूतनीकरण होत नाही, पुन्हा परीक्षा द्यावी लागते. म्हटलं, देऊ. बावीस वर्षं नळस्टॉपच्या चौकातून गाडी काढणाऱ्याला मोकळ्या ट्रॅकवर उतरवायचं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला बादलीत उतरवण्यासारखं.

बादलीत बुडालो.

आठाचा आकडा झकास निघाला. गौरी-गणपतीच्या आदल्या दिवशी तुळशीबागेजवळून गाडी बाहेर काढलेल्या माणसाला आठ काय, 'श्री'सुद्धा काढता येतो. पण वळणावर माझ्या हाताने आपोआप हॉर्न वाजवला. ट्रॅकवर चिटपाखरू नव्हतं. शेजारी बसलेल्या साहेबांनी विचारलं, "कुणाला?" या प्रश्नाचा मी आयुष्यात विचार केला नव्हता. हॉर्न 'कुणाला' वाजवतात होय? तो वाजवायचा असतो.

मग त्यांचं लक्ष डाव्या आरशाकडे गेलं. तो मी २०११ पासून मिटून ठेवलाय. त्याच्या आधीचा आरसा शनिवार पेठेत एका स्कूटरवाल्या काकूंबरोबर गेला. साहेबांना हे सांगितलं, त्यांनी ते कागदावर लिहिलं नाही. शेवटी चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी वीतभर मागे आली.

"मागे कोणी असतं तर?"

"त्याने हॉर्न वाजवला असता," मी म्हणालो.

नापास. सात दिवसांनी या. तीनदा आपटलात तर साठ दिवस घरी बसा.

नेमका त्याच आठवड्यात भाचा जर्मनीहून सुट्टीला आला. इथे असताना त्याने सायकलपलीकडे मजल मारली नव्हती. गाडी तो तिकडेच शिकला. ती परीक्षा म्हणजे वेदपाठशाळाच आहे. नव्वद-नव्वद मिनिटांचे चौदा पाठ, प्रथमोपचाराचा वर्ग, गावाबाहेर, हायवेवर आणि अंधारात मिळून बारा सक्तीच्या फेऱ्या, आणि मग पंचावन्न मिनिटांची प्रत्यक्ष परीक्षा. पहिल्या खेपेला तोही नापास झाला होता, का, तर वळताना मान फिरवून खांद्यावरून मागे पाहिलं नाही! शिवाय पास झालं तरी सुटका नाही. चुकांचे गुण साठत जातात आणि आठ झाले की लायसन्स जातं. "आमच्याकडे आठ काढला की मिळतं," मी म्हणालो. तो हसला नाही. तिकडे राहून तो जरा असाच झालाय.

"मामा, तुला मी शिकवतो," त्याने जाहीर केलं.

आधी प्रात्यक्षिक म्हणून तो स्वतः चाकामागे बसला. इंटरनॅशनल परमिट घेऊनच आला होता. सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडायला अकरा मिनिटं लागली. रस्ता मोकळा व्हायची वाट बघत होता! वॉचमनने येऊन विचारलं, "कुणी यायचंय का अजून?" पुढे एका बिनसिग्नलच्या चौकात पुन्हा मुक्काम. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा तिकडचा लाडका नियम. (आपल्या १९८९ च्या नियमांतही तो होता. पुस्तक चांगलं होतं आपलं.)

"उजवीकडचे संपले की निघू."

"अरे, ते अनंत चतुर्दशीपर्यंत संपणार नाहीत."

कशीबशी गाडी हलली. त्याने शास्त्रोक्त मान फिरवून मागे पाहिलं आणि तेवढ्यात पुढच्या रिक्षातून डावा पाय बाहेर आला. मी ओरडलो म्हणून वाचलो. पाय हा इंडिकेटर असतो, हे चौदा पाठांत कुणी शिकवलेलं नव्हतं.

मग माझी शिकवणी सुरू झाली. काचा खाली, आणि हा शेजारून ओरडतोय, "मामा, थांब! मामा, झेब्रा!" टिळक रस्त्यावर पुढच्या तीन बिनहेल्मेटवाल्यांनी करकचून ब्रेक मारले आणि एकाने तर सरळ गल्लीत पोबारा केला. आठ दिवसांत या पोराच्या आरोळ्यांनी जेवढी शिस्त लावली, तेवढी माझ्या पाहण्यात कुणी लावलेली नाही.

एका रात्री जेवताना त्याने आकडा काढला. २०२२ साली आपल्याकडे रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांच्याकडे तीन हजारांच्या आत. लोकसंख्या आपल्या सतराव्या हिश्शाची धरली तरी हिशेब बसत नाही. आमटी वाढता वाढता बायको थांबली. थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

"परीक्षा कडक करायला हवी," तो म्हणाला.

"करा की. मी नापास झालोच ना? पण पास झाल्यानंतर तुला दोन वर्षं प्रोबेशन होतं, वर त्या गुणांचा हिशेब. मला २००३ मध्ये एका साहेबांनी दहा मिनिटं पाहिलं. त्यानंतर माझ्या लायसन्सकडे थेट बँकेतल्या मुलीने पाहिलं."

यावर त्याने पोळी मागितली.

दुसऱ्या खेपेला मी पास झालो. हॉर्नला हात लावला नाही, चढावर गाडी खिळल्यासारखी उभी राहिली, आणि मान तर इतकी फिरवली की साहेबांनी विचारलं, "मागे काही राहिलंय का?"

परतताना भाचा शेजारी, पट्टा लावलेला, दोन्ही आरसे उघडे. कर्वे रस्त्यावर सिग्नल पिवळा झाला आणि मी पांढऱ्या रेषेच्या अलीकडे थांबलो. रेषेपुढे पंधरा दुचाक्या, मागे हॉर्नचा गोंधळ. बाइकवरची दोन पोरं शेजारी आली.

"काका, बंद पडली का?"

"नाही रे, सिग्नल लाल आहे."

"हो, ते दिसतंय. पण गाडी बंद पडलीये का?"

मी उत्तर देईपर्यंत बाइक स्टँडवर लागली होती आणि दोघं डिकीला टेकले होते. मनाने चांगली पोरं. "न्यूट्रलला टाका, घेतो बाजूला!" मी भाच्याकडे पाहिलं. त्याने डोळे मिटले होते. समजावत बसण्यापेक्षा मी न्यूट्रलला टाकली.

"आणि काका," मागून आवाज आला, "तो डावा आरसा मिटा आधी. लागेल कुणाला तरी."