निन्टेंडो ६४ ची कॅसेट म्हणजे घोडचूक नव्हती

जुन्या कन्सोलचा (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या मशीनचा) विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतंच, निन्टेंडोने त्यांच्या निन्टेंडो ६४ मध्ये कॅसेटऐवजी (आत चिप असलेली गेमची डबी) सीडी ड्राइव्ह टाकला असता तर सोनीच्या प्लेस्टेशनचा टिकावच लागला नसता. मला हे अजिबात पटत नाही. त्या मशीनवर अन्याय होतो असं मनापासून वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी प्लेस्टेशन बघा. डिसेंबर १९९४ ला जपानमध्ये आलं, प्रोसेसर ३३.८७ मेगाहर्ट्झ, मेन रॅम (कामापुरती तात्पुरती मेमरी) २ एमबी, ग्राफिक्सला वेगळी १ एमबी, आणि सीडी ड्राइव्ह वाचणार सेकंदाला जास्तीत जास्त ३०० केबी. म्हणजे नुसती मेन रॅम भरायलाच सात सेकंद गेले, वर लेन्स इकडून तिकडे सरकणार तो वेळ वेगळाच. पण सीडीत जागा साधारण ६५० एमबी आणि छापायचा खर्च अगदी किरकोळ.

निन्टेंडो ६४ आलं जून १९९६ ला. प्रोसेसर ९३.७५ मेगाहर्ट्झ, ग्राफिक्सची चिप सिलिकॉन ग्राफिक्सने डिझाइन केलेली, रॅम ४ एमबी पण ती सगळ्यांत मिळून एकच, म्हणजे चित्र, झेड-बफर (कोणती वस्तू पुढे, कोणती मागे याची नोंद), आवाज, गेमचा कोड सगळं त्यातच बसवायचं. मग मारिओच्या एवढ्या उड्या, कोलांट्या, घसरणं हे सगळं ठेवायचं कुठे? रॅममध्ये ते सगळं ठेवलेलंच नाहीये! सुपर मारिओ ६४ मध्ये जी हालचाल लागेल तेवढीच त्या क्षणी कॅसेटमधून उचलली जाते, आणि ऑकारिना ऑफ टाइम या गेममध्ये त्यातल्या हिरोचं, लिंकचं, तर फ्रेम-फ्रेमने (पडद्यावरच्या एकेका चित्रागणिक) तेच चालतं. हे सीडीवर कसं करणार सांगा, लेन्स जागेवर पोचेपर्यंतच कितीतरी फ्रेम निघून जातात. कॅसेट ही फक्त गेम विकायची डबी नव्हती हो, ती त्या मशीनच्या मेमरीचाच भाग होती. ती काढून सीडी लावायची म्हणजे रॅम वाढवायला हवी होती, आणि तेव्हा रॅम महाग होती.

माझ्या मते खरी चूक दुसरीकडे आहे. टेक्स्चरसाठी (वस्तूंवर चिकटवायच्या चित्रासाठी) ग्राफिक्सच्या चिपमध्ये जागा दिली फक्त ४ केबी. १६ बिट रंगात ६४ × ३२ पिक्सेलचा एक तुकडा टाकला की संपली! तोच तुकडा मोठ्या भिंतीवर ताणायचा आणि वर पिक्सेल गुळगुळीत करणारा फिल्टर, म्हणून ६४ चे गेम धुरकट दिसतात. प्लेस्टेशनची टेक्स्चर त्यामानाने ठसठशीत, पण तिथे झेड-बफर नाही, टेक्स्चरला पर्स्पेक्टिव्ह करेक्शन (लांब-जवळच्या अंतराप्रमाणे ते नीट बसवणं) नाही, म्हणून जमीन आणि भिंती थरथरतात, वाकतात. यावर डेव्हलपर लोकांनी तोडगे काढले, जवळचे पॉलिगॉन (ज्या सपाट तुकड्यांनी थ्रीडी वस्तू बनते ते) बारीक तुकड्यांत तोडले, क्रॅश बँडिकूट या गेमच्या हिरोच्या अंगावर तर टेक्स्चर जवळपास नाहीच, नुसते रंगवलेले पॉलिगॉन. मला ही हुशारी प्रचंड आवडते.

धंद्यात मात्र कॅसेटने मार खाल्ला हे मान्यच. बनवायला महाग, ऑर्डर कितीतरी आधी द्यायची, माल पडून राहिला तर पब्लिशरच्या गळ्यात. स्क्वेअर या गेम कंपनीने फायनल फँटसी मालिकेतले सहा गेम निन्टेंडोवर काढले आणि सातवा १९९७ ला तीन सीडींवर प्लेस्टेशनला दिला. प्लेस्टेशन दहा कोटींच्या वर विकलं गेलं, ६४ जेमतेम सव्वातीन कोटी. तरी १९९९ ला एंजल स्टुडिओजने प्लेस्टेशनवरचा दोन सीडींचा गेम रेसिडेंट ईव्हिल २ एका ६४ एमबीच्या कॅसेटमध्ये व्हिडिओसकट बसवलाच!

आणि एक बघा, सोनीचा पीएस ५ (प्लेस्टेशन ५) आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स आपल्याकडे आले तेव्हा दोन्हींची किंमत ४९,९९० रुपये, आणि सगळे भांडत बसले एक्सबॉक्सचे १२ टेराफ्लॉप (ग्राफिक्स चिपच्या ताकदीचं माप) मोठे का पीएस ५ चे १० यावर. सोनीने यावेळी जोर लावला होता एसएसडीवर (गेम साठवायची वेगवान चिपवाली डिस्क), कच्चा स्पीड सेकंदाला ५.५ जीबी विरुद्ध एक्सबॉक्सचा २.४, म्हणजे हिशोबाने १६ जीबी मेमरी तीन सेकंदांत भरते. लागेल तेव्हा पटकन उचलायचं, रॅममध्ये साठवून ठेवायचं नाही. हा डाव निन्टेंडोने १९९६ लाच टाकला होता आणि त्याचं श्रेय त्यांना कोणी देत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.