बॅरनच्या उशाशी कसे बसावे

एखाद्या वृद्ध फिनिश बॅरनचे दूरचे नातलग होण्याचे भाग्य आपल्याला लाभलेच, तर तो बॅरन मूकपटातला आहे ना, एवढे आधी पाहून घ्यावे. नमुन्यादाखल सुओमी-फिल्मी या कंपनीचा, कार्ल फागेर यांनी दिग्दर्शित केलेला 1923 सालचा ‘राउताक्युलाचा म्हातारा बॅरन’ घ्या. साकारिआस तोपेलिउस यांची मूळ कथा एकोणिसाव्या शतकातली आणि स्वीडिशमधली. कारण फिनलंडमधले उमराव खानदानी भांडणे सहसा त्याच भाषेत करीत.

मूकपटाचे फायदे वारसदारांनी नीट समजून घ्यावेत. म्हाताऱ्याची कुरकुर कानी पडत नाही, आणि आपण मनातल्या मनात मांडलेला हिशेब चुकून तोंडातून निसटला तरी तो कोणाला ऐकू जात नाही. संवादाची पाटी फिनिश आणि स्वीडिश अशा दोन भाषांत येते, त्यामुळे ती वाचायला प्रेक्षकांना जरा वेळ द्यावा लागतो. ‘काकासाहेब, आपण शतायुषी व्हा’ ही पाटी पडद्यावर असताना आपला चेहरा दिसत नसतो. तेवढ्या अवधीत चांदीच्या चमच्यांवरची नजर काढून ती काकासाहेबांच्या पांघरुणावर आणावी आणि पाटी हटण्याच्या आत डोळे पाणावून तयार राहावे.

जन्म कोणत्या काळी घ्यावा, हेही ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवावे. फिनलंड स्वीडनच्या ताब्यात असतानाच्या 1734च्या स्वीडिश कायद्याने ग्रामीण भागातल्या मालमत्तेत बहिणीला भावाच्या निम्मा वाटा मिळे, आणि 1809मध्ये फिनलंड रशियाच्या झारकडे गेल्यावरही ही सुव्यवस्था टिकून राहिली. ती मोडली 1878मध्ये. तेव्हा आपण भाऊ असाल तर त्याआधीचा मुहूर्त धरावा. बहीण असाल तर थोडे थांबावे, एवीतेवी थांबण्याची सवय आपल्याला असतेच.

मात्र गढीच्या खिडक्यांचे पडदे ओढून घेण्यास विसरू नये. बाहेर पाहिल्याने शोकात व्यत्यय येतो. 1918च्या कायद्याने तिथल्या कुळांना आपण कसत असलेला जमिनीचा तुकडा विकत घेण्याचा हक्क मिळाला, आणि तोही 1914च्या भावाने. मधल्या काळात महागाईने पैशाची किंमत इतकी उतरली होती की कित्येक कुळांना जमीन जवळजवळ फुकटच पडली. त्यावर 1922मध्ये क्यओस्ती कल्लिओ यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला आणि भूमिहीनांसाठी मोठ्या इस्टेटींची जमीन काढून घेण्याचीही सोय झाली. त्याच्या पुढच्याच वर्षी हा बॅरन पडद्यावर झळकला, हे औचित्य (की औद्धत्य?) दाद देण्याजोगे आहे.

म्हणून बाहेर कोणी मोजणीची साखळी ओढताना दिसले, तर ते पाहुणे असावेत असे समजून मान वळवावी. जुडग्यातली कोणती किल्ली तिजोरीची आणि कोणती लोणच्याच्या कपाटाची, याचा छडा अजून लागायचा आहे, आणि बॅरनसाहेबांना पुन्हा खोकल्याची उबळ आली आहे.