राक्षसाला गाणे मिळते तेव्हा

सोफ्यावरचे प्लास्टिक काढायचे नाही, असा बेळगावातल्या आमच्या शहापूरच्या घरी माझ्या लहानपणी दंडक होता. वडिलांनी मागावर साड्या विणून, पैपैसा साठवून तो सोफा घेतला होता आणि पाहुणे उठून गेले की आई त्या प्लास्टिकवरून ओले फडके फिरवत असे. त्यामुळे 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स' या संगीत चित्रपटात, फुलांच्या दुकानात काम करणारी आणि दंतवैद्य प्रियकराचा मार मुकाट्याने सोसणारी ऑड्री जेव्हा आपल्या स्वप्नातल्या लहानशा घराचे गाणे गाते, त्या घरात सामानावर प्लास्टिकची आवरणे असतील, बारा इंची पडद्याचा टीव्ही असेल असे सांगते, तेव्हा माझे हसू ओठांवरच थांबते. माणसे खाणाऱ्या रोपट्याच्या गोष्टीत हे गाणे आहे. असल्या भडक, खुळचट म्हणून हिणवल्या जाणाऱ्या भयविनोदी चित्रपटांवर माझे इतके प्रेम का, असे मला पुष्कळ जणांनी विचारले आहे. त्याचे उत्तर या गाण्यापासून सुरू होते.

मूळ चित्रपट १९६० सालचा, कृष्णधवल. दिग्दर्शक रॉजर कॉर्मन यांनी दुसऱ्याच कामासाठी उभारलेल्या सेटवर त्याचे मुख्य चित्रीकरण दोन दिवसांत उरकले. सीमोर नावाचा बुजरा नोकर एक विचित्र रोपटे वाढवतो, ते रोपटे रक्त मागू लागते, दुकानात गर्दी वाढते आणि रोपट्याची भूकही वाढते, एवढीच कथा. दंतवैद्याकडे हौसेने वेदना सोसायला येणाऱ्या रुग्णाच्या छोट्या भूमिकेत त्यात तरुण जॅक निकल्सन आहे. चित्रपट घाईचा आहे हे जागोजागी दिसते, पण ती घाई लपवण्याचा कुणी प्रयत्न केलेला नाही, आणि मला वाटते की अशा चित्रपटांचा पहिला लळा लागतो तो इथे. शिवण उलट बाजूने दिसावी तसे त्यांचे सगळे टाके दिसतात, आणि ते घालणाऱ्या हातांविषयी आपल्याला आपुलकी वाटू लागते.

१९८२ मध्ये हॉवर्ड ॲशमन आणि ॲलन मेंकन यांनी या चित्रपटाचे संगीत नाटक केले. न्यूयॉर्कच्या एका छोट्या नाट्यगृहापासून सुरू झालेले ते नाटक पुढे पाच वर्षे चालले आणि १९८६ मध्ये फ्रँक ऑझ यांनी त्यावरून पुन्हा चित्रपट केला. ॲशमन यांनी नेमके काय केले, हे समजून घेण्यासारखे आहे. मूळ चित्रपटात ज्या माणसांकडे पाहून प्रेक्षकांनी केवळ हसायचे होते, त्यांना त्यांनी इच्छा दिल्या, आणि त्या इच्छा गाण्यांत मांडल्या. गरीब वस्तीतून बाहेर पडण्याची सीमोरची धडपड गाण्यात ऐकली की रोपट्याला बोटातले रक्त पाजणारा तो मुलगा केवळ मूर्ख वाटत नाही. आणि खुद्द रोपट्याला चित्रपटात लेव्हाय स्टब्ज या गायकाचा असा भरदार, रसरशीत आवाज लाभला आहे की ते जेवायला मागू लागले की आपला पाय ठेका धरतो. गाणे आवडते, आणि गाणे आवडले की आपण नकळत राक्षसाच्या बाजूचे होतो. त्याने आणखी एक माणूस खावा, म्हणजे आणखी एक गाणे होईल, असे वाटू लागते. सीमोरही असाच फसत जातो. मोहात पडण्याचा हा अनुभव प्रेक्षकाला प्रत्यक्ष देणे कितीतरी गंभीर चित्रपटांना जमलेले नाही.

आपल्याकडे महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' १९९३ साली आला. त्यामागे १९८८ सालच्या एका अमेरिकन चित्रपटातल्या खुनी बाहुल्याची कल्पना आहे हे खरे, पण रामदास पाध्ये यांनी साकारलेला तात्या विंचू आणि त्याला दिलीप प्रभावळकर यांनी दिलेला आवाज यांमुळे तो बाहुला पुरता मराठी झाला. मी तो पहिल्यांदा पाहिला तो गणपतीत, आमच्या गल्लीत ताणलेल्या पांढऱ्या कापडावर. पुढच्या बाजूला जागा उरली नव्हती, म्हणून आम्ही मुले कापडाच्या मागे बसलो होतो आणि पाट्यांवरची अक्षरे आम्हांला उलटी दिसत होती. शेजारच्या घरातल्या कन्नड अज्जींना मराठी फारसे येत नसे. बाहुला पहिल्यांदा हलला तेव्हा त्यांनी 'अय्यो देवरे' म्हणून माझा दंड घट्ट धरला, आणि पुढच्याच क्षणी लक्ष्याची उडालेली तारांबळ पाहून त्या पदर तोंडाला लावून हसू लागल्या. भीती आणि हसू यांच्यामध्ये एका श्वासाचेही अंतर नव्हते. त्यांना काय कळले नाही आणि काय कळले, याचा मी अनेकदा विचार केला आहे.

त्याही आधी हा अनुभव मी जांबोटीकडच्या आजोळी घेतला होता. जत्रेत कोकणातून दशावतारी मंडळी येत, आणि काळ्या वेशातला संकासुर आला की पुढे बसलेली लहान मुले किंचाळत मागे पळत. हा वेद चोरणारा असुर, पण तो लोकांशी थट्टा करतो, गावातल्या माणसांची नावे घेऊन बोलतो, पेटी आणि मृदंगाच्या साथीने नाचतो. पहाटे खेळ संपल्यावर मामा मला रंगपटात घेऊन गेला. ज्याला पाहून मी रात्री रडले होते तो संकासुर पेटाऱ्यावर बसून बशीतून चहा पीत होता. कपाळावर घामाचे ओघळ होते आणि मानेवर काजळी राहिली होती. त्याने मला जवळ बोलावून बशीतला बटर दिला. मी तो खाल्ला नाही, घरी नेऊन उशीखाली ठेवला.

चित्रपट आणि नाटक यांतला फरक मला त्या बशीमुळे समजतो. मूळ संगीत नाटकात रोपटे शेवटी सीमोर आणि ऑड्री दोघांनाही खाते. ऑझ यांनी चित्रपटातही तोच शेवट चित्रित केला होता, पण चाचणी खेळांना आलेल्या प्रेक्षकांना तो सहन झाला नाही आणि सुखान्त शेवट नव्याने चित्रित करावा लागला. मूळ शेवट २०१२ मध्ये पुन्हा जोडून प्रसिद्ध झाला. प्रेक्षकांना तो शेवट का सहन झाला नाही, याचे ऑझ यांनी दिलेले कारण मला पूर्णपणे पटते: नाटकात मेलेली पात्रे शेवटी प्रेक्षकांना अभिवादन करायला बाहेर येतात, चित्रपटात ती येत नाहीत.

सगळीच रूपांतरे मला आवडतात असे नाही. 'इव्हिल डेड' या भयपटावरच्या संगीत नाटकात पुढच्या रांगांवर खोटे रक्त उडवतात. त्यातली मजा मला कळते, पण नुसत्या रक्ताने माझे पोट भरत नाही. जिथे कलावंत मूळ कृतीची टिंगल करू लागतात, 'आम्हांलाही ठाऊक आहे हे खुळचट आहे' असे प्रत्येक वाक्यातून सांगत राहतात, तिथे मी उठून जाते. खुळचटपणावर श्रद्धा हवी.

ही श्रद्धा आपल्या भागात परकी नाही. कर्नाटकातून सांगलीला आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहूनच विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, आणि त्या परंपरेतले राक्षस अललडुर्र करत आरोळ्या ठोकत रंगमंचावर येत. 'संगीत शाकुंतल' लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर तर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. ज्या भागाने मराठी रंगभूमीला राक्षसही दिला आणि गाणेही दिले, तिथल्या हौशी नाट्यमंडळींनी तात्या विंचूचे संगीत नाटक रीतसर परवानगी घेऊन करावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. बाहुल्याला भरदार नाट्यपद द्यावे, तानेसकट. पोलिसांच्या तोंडी थोडे कन्नड असावे, जसे आपल्या बाजारात असते. बाहुला चालवणाऱ्याला काळ्या पडद्याआड लपवू नये. आणि शेवटी बाहुला मेला की पडदा पुन्हा वर जावा, चालवणाऱ्याने त्याला कडेवर घेऊन पुढे यावे, आणि बाहुल्याने दोन्ही हात जोडून पुढे बसलेल्या मुलांना नमस्कार करावा.