रिपोर्ट नेमका कुणाचा?

दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल पोलिसांनी धरलेल्या गल्लीतल्या त्या पोरानं स्वतः करून घेतलेला रक्ताचा रिपोर्ट ग्रुपवर आला आणि नानांनी त्याला पहिला लाइक ठोकला. बेळगावातल्या शहापूरच्या कट्ट्यावर विषय निघणारच होता.

"प्यायला ना? मग लपवायचं काय? चौकात बोर्डावर लावा!" नानांचा आवाज असा की समोरच्या भेळवाल्यानं मान वळवली.

बाबू लॅबमध्ये काम करतो. "नाना, पोलिसांनी घेतलेलं रक्त वेगळं, त्यानं स्वतःच्या पैशानं दिलेलं वेगळं. पहिलं कोर्टात जाणारच. दुसऱ्याची पावती त्याच्या नावावर आहे. ते तुमच्या मोबाइलवर कसं पोचलं, ते बोला."

"गोव्याकडनं चोर्ला घाटातून रात्री येणाऱ्या गाड्या बघ जरा! लोकांच्या जिवाशी खेळ!"

"मग धरा की. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेला की गुन्हा. पहिल्याच वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार दंड किंवा दोन्ही. कोण नको म्हणतंय? खरं त्यासाठी त्याची खासगी चिठ्ठी कशाला?"

मी विचारलं, दुसरी तपासणी करतातच कशाला?

"सुई टोचताना स्पिरिटचा बोळा लावला, बाटलीत रक्त टिकवणारं फ्लोराइड नसलं, तर आकड्यावर शंका येते. पेशी काढून उरलेल्या नुसत्या सीरमवर मोजलं तर आकडा अख्ख्या रक्तापेक्षा जास्त दिसतो. म्हणून माणूस खात्री करून घेतो. खरं रक्तातली दारू तासाला, १०० मिलिलिटरमागं साधारण १५ मिलिग्रॅमनं उतरते. उशिरा दिलेल्या रक्तावरून मागचा हिशेब मांडला, तर तोच आकडा गळ्याशी येऊ शकतो. तो बाहेर फुटणार असेल, तर निर्दोष माणूससुद्धा तपासणीला धजणार नाही."

मला बाबूचं शंभर टक्के पटलं. पोरगा चुकला असेल तर शिक्षा कोर्ट देईल. त्याच्या आईला किराणा दुकानात टोमणे ऐकवायचा अधिकार ग्रुपला कुणी दिला?

कट्ट्यावरचा वकील म्हणाला, "अमेरिकेत बऱ्याच राज्यांत पकडलेल्याला स्वखर्चानं वेगळी तपासणी करून घ्यायचा हक्क आहे. आपल्याकडं डॉक्टरला वकिलासारखं गुपित राखायचं कायद्याचं कवच नाही. कोर्टानं मागितलं, पोलिसांनी लेखी नोटीस दिली, तर कागद द्यावा लागतो. खरं लेखी! कुणाचा तरी फोन आला म्हणून नव्हे."

"लेखी म्हणे!" नाना उसळले. "पंचनामा कन्नडात आणि सही मराठीत! वाचणार कोण? १९५६ साली बेळगाव तिकडं घातलं, तेव्हा आम्हाला विचारलं होतं काय? कर्नाटकानं आम्हाला दिलं तरी काय?"

"पुट्टस्वामी," वकील म्हणाला.

"कोण तो?"

"कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश. २०१७ साली त्यांच्याच केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तुमचाही, नाना."

नानांनी उत्तर शोधता शोधता कुंद्याच्या, म्हणजे आमच्या बेळगावी मिठाईच्या, डब्यात हात घातला. तिसऱ्यांदा.

"नाना," बाबू हळूच म्हणाला, "परवा तुमची शुगर किती आली, ते टाकू काय ग्रुपवर? वहिनी पण आहेत त्यात."

"गप बस बे! ते माझं खासगी आहे!"

भेळवालासुद्धा हसायला लागला. नानांनी डबा बंद केला, मग पुन्हा उघडला, आणि या वेळी कुंद्याचे पैसे कुणी द्यायचे यावर वकील आणि बाबू हमरीतुमरीवर आले.